उल्हासनगर शहरातील भाषिक व सांस्कृतिक विविधता : सिंधी भाषेच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मुंबई महानगराच्या परिघावर वसलेल्या उपनगरी शहरांचा अभ्यास बहुधा लोकसंख्या, वाहतूक, घरबांधणी व नागरी सुविधा या अंगांनी केला जातो. या शहरांत कोणत्या भाषा बोलल्या जातात, त्या परस्परांशी कोणत्या नात्याने राहतात आणि पिढी बदलताना त्यांपैकी कोणती टिकते व कोणती मागे पडते, या प्रश्नांकडे त्या मानाने कमी लक्ष दिले गेले आहे. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर हे शहर या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. महाराष्ट्राच्या भूमीवर, मराठी गावांच्या शेजारी, सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी वसविलेले हे शहर होय. सुमारे १३ चौ. कि.मी. क्षेत्रफळाच्या या शहरात २०११च्या जनगणनेनुसार ५ लाख ६ हजारांवर लोक राहत होते.

एखाद्या भाषेचे भाषक एका शहरात मोठ्या संख्येने एकवटले, त्यांच्या हाती व्यापार आला, त्यांनी शिक्षणसंस्था व मंदिरे उभारली, तर त्यांची भाषा आपोआप सुरक्षित राहते, असा सर्वसाधारण समज आहे. उल्हासनगरचे उदाहरण हा समज तपासून पाहण्यास भाग पाडते. येथे संस्कृतीची बाह्य चिन्हे ठळकपणे टिकून आहेत. भाषा मात्र घराच्या आतच क्षीण होत चालली आहे. असे का घडते, याचे स्पष्टीकरण देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शहराची जडणघडण

उल्हासनगरचा परिसर इतिहासशून्य नव्हता. जवळच वालधुनी नदीकाठी अंबरनाथ येथे इ.स. १०६० मधील शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. कल्याण हे प्राचीन काळापासून प्रसिद्ध बंदर होते. या पट्ट्यात आगरी, कोळी, कुणबी इत्यादी समाजांची वस्ती व त्यांच्या मराठी बोली पूर्वापार नांदत होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळच्या माळरानावर मोठी लष्करी छावणी उभारण्यात आली. युद्ध संपल्यावर ओस पडलेल्या या छावणीच्या सुमारे दोन हजार बराकी फाळणीनंतर निर्वासितांच्या उपयोगी आल्या.

सिंधचा मुंबईशी असलेला संबंध येथे ध्यानात घ्यावा लागतो. १८४३ मध्ये ब्रिटिशांनी जिंकलेला सिंध १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराची व मुंबई ही दोन बंदरे समुद्रमार्गाने आणि प्रशासनानेही जोडलेली होती. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत झालेल्या दंगलींनंतर सिंधी हिंदूंच्या स्थलांतराला वेग आला, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांना मुंबईचा मार्ग ओळखीचा होता. बोटीने उतरलेल्या हजारो कुटुंबांना कल्याणच्या छावणीत हलविण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसविण्यात आली व उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले.

छावणीची ही खूण शहराच्या भाषेत आजही जिवंत आहे. शहराच्या पाच विभागांना कागदोपत्री उल्हासनगर १ ते ५ असे म्हटले जात असले, तरी बोलण्यात ते 'कॅम्प नंबर एक' ते 'कॅम्प नंबर पाच'च आहेत. जुन्या बराकींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तरीही अनेक पत्त्यांमध्ये 'बराक क्रमांक' लिहिला जातो. तात्पुरत्या आसऱ्याचे शब्द कायमच्या घराचे शब्द झाले, हे या शहराच्या भाषिक इतिहासाचे पहिले वैशिष्ट्य म्हणता येईल.

फाळणीतील सिंधची स्थितीही वेगळी होती. पंजाब व बंगाल या प्रांतांची विभागणी झाली. त्यामुळे पंजाबी व बंगाली या भाषांना भारतात स्वतःची भूमी राहिली. सिंध मात्र संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. भारतात आलेल्या सिंधी भाषकांना शासनव्यवहार, शालेय अभ्यासक्रम व नोकऱ्या यांचा आधार देणारे राज्य लाभले नाही. पुढे भाषावार प्रांतरचना होत गेली, तेव्हा जवळपास प्रत्येक मोठ्या भाषेच्या वाट्याला एखादे राज्य आले. सिंधीच्या वाट्याला वसाहती आल्या.

शहरातील विविधता : काही ठळक अंगे

उल्हासनगर हे केवळ सिंधी शहर आहे, अशी समजूत बाहेर रूढ आहे. ती अपुरी आहे. येथे मराठी भाषक मोठ्या संख्येने राहतात. त्यांत मूळ गावकरी जसे आहेत, तसेच रेल्वे, कारखाने व शासकीय नोकऱ्यांच्या निमित्ताने कोकण, देश, खानदेश व मराठवाड्यातून आलेली कुटुंबेही आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुयायांच्या वस्त्यांनी शहराच्या सार्वजनिक जीवनाला स्वतंत्र परिमाण दिले आहे. फाळणीनंतर आलेले पंजाबी, व्यापारासाठी आलेले गुजराती व मारवाडी, शिवणकाम, लाकूडकाम व कापडउद्योगात काम करणारे उत्तर प्रदेश व बिहारमधील कामगार यांचाही या शहरात वाटा आहे.

या विविधतेचे दर्शन सणांमधून घडते. सिंधी नववर्ष चेटीचंड हे चैत्राच्या चंद्रदर्शनाशी निगडित असल्याने ते गुढीपाडव्याच्या दिवशी किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी येते. एकाच आठवड्यात एका गल्लीत गुढी उभारलेली दिसते, तर दुसऱ्या गल्लीतून झूलेलालचा बहराणा वाजतगाजत निघतो. श्रावणातील थदड़ी या सणाला सिंधी घरात चूल पेटवीत नाहीत; आदल्या दिवशी केलेले अन्न खातात. सिंधीत 'थधो' म्हणजे थंड. मराठी घरांतील शीतला सप्तमीशी या सणाचे नाते उघड आहे. पावसाळ्यात चालणारे चाळीस दिवसांचे 'चालीहो' हे व्रत व त्या काळात कॅम्प पाचमधील चालिया मंदिरात होणारी गर्दी हे शहराचे खास दृश्य होय. शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठल-रखुमाई आहेत व आषाढी एकादशीला तेथे भाविकांची रांग लागते. सिंधी हिंदूंच्या 'टिकाणा' म्हटल्या जाणाऱ्या मंदिरांत देवमूर्तींबरोबर गुरू ग्रंथसाहिबही असतो. नानकपंथ, वैष्णव भक्ती आणि सूफी परंपरा यांची सरमिसळ हा सिंधमधून आलेला वारसा आहे.

आडनावांतूनही दोन संस्कृतींची वेगळी दृष्टी प्रकट होते. मराठीतील 'कर'कारान्त आडनाव गाव सांगते. सिंधीतील 'आणी'कारान्त आडनाव पूर्वज सांगते. अडवाणी, मलकाणी यांसारख्या नावांत एखाद्या मूळ पुरुषाच्या वंशजांचा निर्देश असतो. गाव सुटले तरी पूर्वजाचे नाव सुटत नाही. निर्वासितांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष अर्थपूर्ण ठरली.

सिंधी व मराठी : भाषिक नाते

सिंधी ही मराठीप्रमाणेच भारतीय-आर्य कुळातील भाषा आहे. मराठी वाचकाला तिच्यातील काही गोष्टी अनपेक्षितपणे परिचित वाटतात. सिंधीत बहुतेक शब्द स्वरान्त असतात. मराठीतील 'घर' व 'हात' यांची सिंधी रूपे 'घरु' व 'हथु' अशी आहेत. ज्ञानेश्वरकालीन मराठीतही पुल्लिंगी नामांची प्रथमा अशीच उकारान्त असे. जे रूप मराठीने सातशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथांत ठेवून दिले, त्याच्यासारखे रूप सिंधी माणूस रोजच्या बोलण्यात वापरतो. षष्ठीचा 'जो' हा प्रत्यय मराठी 'चा'ची आठवण करून देतो. 'मोहन-जो-दड़ो' हे शालेय पुस्तकांतून परिचित असलेले नाव म्हणजे 'मृतांचे टेकाड' असा अर्थ सांगितला जातो. त्यातील 'जो' हाच तो प्रत्यय. 'दादा' या शब्दाचा अर्थ हिंदीत आजोबा असा होतो, पण सिंधीत व मराठीत थोरला भाऊ असाच होतो. उल्हासनगरच्या बाजारात मराठी गिऱ्हाईक व सिंधी दुकानदार एकमेकांना दादा म्हणतात, तेव्हा दोघेही आपापल्याच भाषेत बोलत असतात.

सिंधीचे सर्वांत वेगळे वैशिष्ट्य म्हणजे तिचे चार अंतःस्फोटक व्यंजनध्वनी. हे ध्वनी उच्चारताना हवा बाहेर फेकली न जाता स्वरयंत्र खाली ओढले जाते. देवनागरीत ते ॻ, ॼ, ॾ, ॿ असे खाली रेघ देऊन लिहितात व युनिकोडमध्ये त्यांना स्वतंत्र स्थान आहे. 'ॻोठु' म्हणजे गाव, 'ॿोली' म्हणजे भाषा. हा भेद केवळ उच्चाराचा नाही, अर्थाचाही आहे. 'ॿारु' म्हणजे मूल आणि 'बारु' म्हणजे ओझे. हिंदी वा इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्या मुलाच्या तोंडी हा ध्वनी बसला नाही, तर मूल व ओझे यांतील फरक त्याच्या उच्चारातून नाहीसा होतो. भाषेचा ऱ्हास शब्दसंग्रहाआधी ध्वनिव्यवस्थेत कसा दिसू लागतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

लिपीचा प्रश्न

सिंधी भाषेच्या वाटचालीत लिपीचा प्रश्न निर्णायक ठरला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सिंधी ही खुदाबादी व अन्य व्यापारी लिपी, गुरुमुखी, देवनागरी व अरबी अशा अनेक लिप्यांत लिहिली जात होती. १८५३ मध्ये ब्रिटिश प्रशासनाने ५२ अक्षरांची अरबी-फारसी वळणाची लिपी प्रमाण ठरविली. पुढील सुमारे शंभर वर्षांतील सिंधी गद्य, वृत्तपत्रे, पाठ्यपुस्तके, हिशेब व पत्रव्यवहार प्रामुख्याने या लिपीत झाला.

स्वातंत्र्यानंतर भारतात देवनागरीचा आग्रह पुढे आला. त्यामागे व्यवहार्य विचार होता. सिंधी मुलाला हिंदीसाठी आणि महाराष्ट्रात मराठीसाठीही देवनागरी शिकावीच लागणार. मग मातृभाषेसाठी वेगळ्या लिपीचे ओझे कशाला, असा हा युक्तिवाद होता. विरोधी बाजूचे म्हणणे असे की, लिपी सोडली तर शाह अब्दुल लतीफ, सचल सरमस्त व सामी यांच्यापासून चालत आलेल्या साहित्याच्या मुद्रित परंपरेशी व सिंधमधील भाषकांशी असलेला दुवा तुटेल. १९५०च्या सुमारास केंद्र शासनाने देवनागरीच्या बाजूने भूमिका घेतली. परंतु साहित्यिकांच्या विरोधानंतर दोन्ही लिप्यांना मान्यता मिळाली.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. परिणाम मात्र असा झाला की, आधीच लहान असलेला वाचकवर्ग दोन भागांत विभागला गेला. अरबी लिपीत छापलेले पुस्तक नव्या पिढीला वाचता येत नाही आणि देवनागरीत छापलेले पुस्तक जुन्या पिढीतील अनेकांना आपले वाटत नाही. आजोबांच्या पेटीतील पत्रे व वह्या नातवाच्या दृष्टीने केवळ नक्षी ठरतात. एकाच घरात, एकाच भाषेच्या दोन पिढ्या परस्परांचे लिहिलेले वाचू शकत नाहीत, ही परिस्थिती मराठी भाषकांनी अनुभवलेली नाही. मोडी मागे पडली तेव्हा मराठीचे बाळबोध वाङ्मय अखंड चालू होते.

भाषांतराची प्रक्रिया : वापराच्या क्षेत्रांचा संकोच

येथे 'भाषांतर' हा शब्द अनुवाद या अर्थाने नव्हे, तर एक भाषा सोडून दुसरी स्वीकारणे या अर्थाने घेतला आहे. कोणतीही भाषा तिच्या वापराच्या क्षेत्रांवर जगते. घर, बाजार, शाळा, उपासना, शासन व करमणूक ही त्यांतील प्रमुख क्षेत्रे होत. उल्हासनगरात या प्रत्येक क्षेत्रात काय घडले हे पाहिले असता चित्र स्पष्ट होते.

बाजार हे शहराचे प्राणतत्त्व आहे. कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या गजानन मार्केटसारख्या बाजारपेठांत दूरवरून गिऱ्हाईक येते. व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाची भाषा बोलणे भाग असते. त्यामुळे मराठी व सिंधी ढंग असलेली मुंबई परिसरातील हिंदी हीच बाजाराची सामाईक भाषा झाली. दुकानदार आपसांत सिंधी बोलतात, पण व्यवहाराची भाषा हिंदी राहते. व्यापारातील यशाने सिंधी समाज उभा राहिला. त्याच यशाने सिंधी भाषेला बाजारातून बाजूला केले.

शिक्षणाचे क्षेत्र याहून निर्णायक ठरले. सिंधी समाजाने शिक्षणसंस्थांची उभारणी अत्यंत निष्ठेने केली. सिंधमधील हैदराबाद येथील महाविद्यालयाची परंपरा फाळणीनंतर हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने मुंबईत पुढे नेली आणि उल्हासनगरातही १९६५ मध्ये चांदीबाई हिमतमल मनसुखानी महाविद्यालय सुरू झाले. या संस्थांचा लाभ सर्व भाषिक समाजांतील विद्यार्थ्यांना झाला, ही त्यांची मोठी सामाजिक कामगिरी होय. परंतु उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते. प्राथमिक स्तरावर सिंधी माध्यमाच्या शाळा होत्या. पालकांचा ओढा इंग्रजीकडे वळत गेला, तशी त्यांतील पटसंख्या घटत गेली. वडिलांनी निर्वासित म्हणून सर्व गमावलेले असताना मुलाला उदरनिर्वाहाची भाषा देणे हा निर्णय स्वाभाविक होता. तो समाजाच्या अनास्थेचा नव्हे, असुरक्षिततेचा परिणाम होता.

शासनव्यवहाराच्या क्षेत्रात सिंधीला स्थान मिळणे शक्यच नव्हते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार राज्याचा कारभार मराठीत चालतो आणि तो तसाच चालणे योग्य आहे. २०२० च्या अधिनियमाने सर्व शाळांत मराठीचे अध्यापन बंधनकारक झाले. त्यामुळे उल्हासनगरातील सिंधी मुलाला इंग्रजी, हिंदी व मराठी या तीन भाषा शाळेत भेटतात. चौथी भाषा म्हणून मातृभाषेला वेळापत्रकात जागा उरत नाही. येथे मराठी व सिंधी यांच्यात स्पर्धा आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल. मराठी शिकल्याने सिंधी हटली नाही. सिंधीला घराबाहेर स्वतःचे कोणतेही क्षेत्र न उरल्याने ती मागे पडली.

उपासनेच्या क्षेत्रात भजने, पंजड़े व आरत्या यांच्या रूपाने सिंधी टिकून आहे. मात्र गायिलेली भाषा व बोललेली भाषा यांत अंतर असते. ज्याला पंजड़ा मुखोद्गत आहे, त्याला त्या भाषेत भांडता किंवा हिशेब करता येतोच असे नाही.

शेवटी उरते घर. येथे तीन पिढ्यांचा सर्वज्ञात क्रम आढळतो. सिंधमधून आलेली पिढी सिंधीत विचार करीत होती. बराकीत जन्मलेली पिढी घरी सिंधी व बाहेर हिंदी बोलू लागली. तिसऱ्या पिढीला आजीचे बोलणे समजते, पण ती उत्तर हिंदीत वा इंग्रजीत देते. चौथ्या पिढीच्या वाट्याला दाल-पकवान, सई भाजी, कोकी व सिंधी कढी ही नावे येतात. पदार्थ टिकतात, ते करण्याची कृती सांगणारी भाषा बदलते.

आकडे आणि वास्तव

१० एप्रिल १९६७ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने सिंधीचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला. साहित्य अकादमीचा सिंधीसाठीचा पहिला पुरस्कार १९५९ मध्येच भगत कंवरराम यांच्या चरित्राला मिळाला होता. १९९४ मध्ये राष्ट्रीय सिंधी भाषा विकास परिषद स्थापन झाली. संविधानाच्या कलम ३५०-क मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचे निर्देश आहेत. मान्यतेच्या दृष्टीने सिंधीची बाजू भक्कम आहे.

२०११ च्या जनगणनेत सिंधी भाषकांची संख्या सुमारे २७ लाख ७२ हजार नोंदली गेली. हा आकडा वाचताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, जनगणनेत कच्छी ही सिंधीअंतर्गत धरली जाते व तिचे भाषक यांपैकी सुमारे १० लाख आहेत. कच्छीला गुजरातेत स्वतःची भूमी आहे. फाळणीने विस्थापित झालेल्या सिंधीची स्थिती या एकत्रित आकड्यात झाकली जाते. दुसरी, जनगणनेतील मातृभाषा म्हणजे बालपणी आईने त्या व्यक्तीशी बोललेली भाषा. ती व्यक्ती आज स्वतःच्या मुलांशी कोणत्या भाषेत बोलते, हे त्यातून कळत नाही. मातृभाषेची नोंद भूतकाळ सांगते; भाषेचे भवितव्य मात्र पुढच्या पिढीशी होणाऱ्या संवादावर ठरते.

निष्कर्ष

उल्हासनगरच्या उदाहरणावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) उपनगरी शहरातील भाषिक विविधता केवळ तेथे राहणाऱ्या भाषकांच्या संख्येवरून मोजता येत नाही. भाषा कोणकोणत्या क्षेत्रांत वापरली जाते, हा अधिक विश्वासार्ह निकष होय.

२) आर्थिक संपन्नता व घटनात्मक मान्यता भाषेला प्रतिष्ठा देतात, परंतु शाळा व घर या दोन क्षेत्रांतील पिढीजात संक्रमणाची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

३) सण, खाद्यपदार्थ व उपासना यांच्या रूपाने संस्कृती भाषेवाचूनही काही काळ टिकते. मात्र लोककथा, म्हणी, विनोद व आठवणी या भाषेतच वसत असल्याने त्या भाषेबरोबरच लोप पावतात.

४) सिंधी शिक्षणासाठी देवनागरी लिपीचा वापर महाराष्ट्रात सोयीचा आहे. त्याबरोबरच अरबी लिपीतील ग्रंथसंपदेचे लिप्यंतर झाले, तरच जुन्या व नव्या पिढीतील तुटलेला दुवा सांधता येईल. शहरातील महाविद्यालये, ग्रंथालये व महाराष्ट्र राज्य सिंधी साहित्य अकादमी यांना या कामी सहकार्य करता येण्यासारखे आहे.

५) सिंधहून आलेल्या पिढीतील वृद्धांची संख्या दर वर्षी घटत आहे. त्यांच्या बोलीचे व आठवणींचे ध्वनिमुद्रण हे तातडीचे कार्य आहे. मराठी विभागांतील अध्यापक व विद्यार्थीही त्यात सहभागी होऊ शकतात, कारण या आठवणींचा उत्तरार्ध महाराष्ट्राच्याच भूमीवर घडलेला आहे.

उल्हासनगरचा धडा एकट्या सिंधी समाजापुरता मर्यादित नाही. मराठीला राज्य आहे, शासन आहे, अखंड ग्रंथपरंपरा आहे. सिंधीजवळ यांपैकी राज्य व शासन नव्हते. तरीही घरात मुलांशी कोणत्या भाषेत बोलायचे, हा निर्णय राज्य घेत नाही, कुटुंब घेते. शेजारच्या भाषेच्या वाट्याला आलेली स्थिती समजून घेणे हे म्हणूनच मराठी भाषकांसाठीही आत्मपरीक्षण ठरते.